चंदीची बाकी

आप्पांच्या घरात कुठलीच वस्तू नुसती नसते. ती अस्सल असते. गहू खपली, तेल लाकडी घाण्याचं, मीठ सैंधव आणि तूप एका ठरावीक गाईचं, जिचा फोटो फ्रीजवर चिकटवलेला आहे. चहाला बोलावलं तर आधी गुळाचं गोत्र-प्रवर ऐकावं लागतं, तोवर चहावर साय धरते. पाटबंधारे खात्यात असताना आप्पा कालव्यांतली गळती शोधायचे. निवृत्तीनंतर कालवे सुटले, पण शोधणं सुटलं नाही. हल्ली ते स्वतःचं मूळ कुठून झिरपत आलंय ते शोधतात. विहीर खणता खणता पाणी लागावं, तसं या शोधात त्यांना एक दिवस घोडं लागलं.

झालं असं, की 2023 मध्ये 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं आणि त्या महाराष्ट्र दिनाला आमच्या सोसायटीत ते वाजलं. गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. गीत संपलं, पेढे वाटून झाले, लोक पांगायला लागले, तरी आप्पा ताठच उभे. मग एकदम गरजले, "भीमथडीचं तट्टू तुमच्यापैकी कोणी पाहिलंय?"

"मी दरवर्षी जातो," सेक्रेटरी उत्साहाने म्हणाले. "गेल्या खेपेला मांडे झकास होते."

ते भीमथडी जत्रेबद्दल बोलत होते. पानिपत या एका माणसामुळे गेलं असावं, अशा नजरेने आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं.

पुढचे सहा महिने आमची लिफ्ट ही आप्पांची पाठशाळा झाली. तळमजल्यावर भीमेचं खोरं सुरू व्हायचं आणि चौथ्या मजल्यापर्यंत मराठी घोडदळ अटकेला पोचायचं. ज्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, त्याला इतिहास अर्धाच कळायचा. मी पाचव्या मजल्यावर राहतो, त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे. भीमथडी म्हणजे भीमेच्या काठचं, दख्खनी मातीतलं काटक तट्टू. त्यात अरबी रक्त मिसळलेलं. उंची जेमतेम पन्नास-बावन्न इंच. बादशाही फौजेतले थोराड घोडे दाण्यावाचून अडायचे. हे वाटेतलं गवत आणि कडबा खाऊन पुन्हा चालायला तयार. खूर टणक, घाटात पाय घसरायचा नाही. मराठ्यांच्या ज्या दौडीचे आपण पोवाडे गातो, तिचा घाम या बुटक्या जनावरांचा होता. पुढे राज्य गेलं, पागा मोडल्या आणि तट्टू हा शब्दच शिवी होऊन बसला. भाड्याचं तट्टू आपण माणसालाच म्हणतो. जात टिकली ती धनगरांच्या बिऱ्हाडामागे. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी यांच्या पंगतीत भीमथडीलाही स्वतंत्र जात म्हणून पान वाढलं, तेव्हा आप्पांनी मुलगा झाल्यासारखे पेढे वाटले. वहिनींना त्या दिवशी तीन अभिनंदनाचे फोन आले.

आप्पांची दोन एकर जमीन दौंड तालुक्यात आहे. हा भाग पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडायचा. हे कळल्यापासून सातबारा ते सनदेसारखा दाखवतात. त्यांचा आणखी एक सिद्धान्त असा, की मराठी भाषेत जितकी घोडी आहेत तितकी आता महाराष्ट्रात उरलेली नाहीत. काम अडलं तर आपलं घोडं पेंड खातं, उशीर झाला तर वरातीमागून जातं, कसोटी आली की घोडामैदान जवळ येतं. "ज्या भाषेत फायलीचंसुद्धा घोडं होतं," आप्पा म्हणाले, "ती बोलणाऱ्याच्या दारात एक तरी खरं घोडं नको?"

"दारात स्कूटर लावायला जागा नाही," वहिनी आतून म्हणाल्या.

पण मुळातली गोष्ट वेगळीच होती. आप्पांच्या घरी आजोबांपासूनची एक सागवानी पेटी आहे. तिच्यात मोडी कागदांचे तीन रुमाल. आप्पांची ठाम खात्री, की या रुमालांत त्यांचा खापरपणजा घोड्यावर बसलेला आहे. शिलेदार की बारगीर एवढाच प्रश्न. शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं आणून चाकरी करणारा, बारगीर सरकारी घोड्यावर बसणारा. "बारगीर निघाला तरी मी वाईट वाटून घेणार नाही," असं आप्पा मोठ्या मनाने म्हणायचे, पण म्हणताना आवाज पडायचा. त्यासाठी त्यांनी मोडीचा वर्ग लावला होता आणि मार्गशीर्षापर्यंत रुमाल क्रमांक एकच्या सातव्या ओळीवर पोचले होते.

त्याच मार्गशीर्षात, दत्तजयंतीला, आम्ही सारंगखेड्याला गेलो. मला घोड्यातलं काही कळत नाही आणि तीच माझी लायकी; आप्पांना श्रोता लागतो, सल्लागार चालत नाही. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी एकमुखी दत्ताची ही यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. काय एकेक जनावर! मारवाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली, जणू दोन खेडूत बायका डोकी जोडून कुणाची तरी कुचाळकी करताहेत. गुलाबी कातडीचे पांढरेधोप नुकरे. रेवाल चालीने अंगाला हिसका न देता सरकणारी घोडी. उंची इंचात सांगायची, बोली लाखात बोलायची. आप्पांनी बावीस कलमांची एक वही तयार केली होती. रंग, चाल, खूर, दात, पंचकल्याणी आहे का, गळ्याखाली देवमण नावाचा शुभ भोवरा आहे का, आणि अंगावर कुठे केसांची अशुभ गोम तर नाही ना. 'यात काहीतरी गोम आहे' हे आपण म्हणतो ते इथूनच आलं, हे त्यांनी मला भर बाजारात इतक्या मोठ्याने सांगितलं, की शेजारचा व्यापारी आपल्याच घोडीविषयी बोलणं चाललंय समजून अंगावर आला.

त्यालाच आप्पांनी विचारलं, "भीमथडी आहे का?"

व्यापाऱ्याने फेटा मागे सारला. "तट्टू? साहेब, माझ्या घोड्यांचा कडबा ज्याच्यावर येतो ना, ते दावणीच्या मागं बघा." मागे खरंच एक तट्टू होतं. आप्पा धावले. ते गाढव निघालं.

परतीच्या वाटेवर आप्पा मनमाडपर्यंत काही बोलले नाहीत. हे फार होतं.

आणि मग, काखेत कळसा म्हणतात तसं झालं. वैशाख संपत आला होता. शेतावरच्या वाटेकऱ्याला आप्पा सारंगखेड्याची व्यथा सांगत होते. तो म्हणाला, "आवो सायेब, ती तट्टी तर साल दरसाल आपल्या बांधावरनं जात्यात. आत्ता वढ्यापल्याड वाडा उतरलाय की!"

दिवाळीच्या सुमारास धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर देशावर परततात. वाटेत कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, चार दिवस थांबायचं, पुढे निघायचं. तसा एक वाडा ओढ्यापलीकडे होता. बाया सामान बांधत होत्या. आणि तिथे ती उभी होती.

पाठीवर पालाचं गुंडाळं, त्यावर वाकळा, दोन्ही बाजूंना पातेली-परातींची ओझी, वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, पोत्यातून डोकं काढलेलं कालच जन्मलेलं कोकरू आणि या सगळ्याच्या माथ्यावर एक शेंबडं नातवंड. खालून चार सडपातळ पाय दिसत होते म्हणून ती घोडी आहे असं म्हणायचं. इतिहास असा भांड्यांखाली दबलेला पाहून आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय ही अवस्था!" ते पुटपुटले.

"काय म्हंत्यात ह्ये?" हौसाबाईने मला विचारलं. हौसाबाई घोडीची मालकीण. वय सत्तरीच्या घरात, काठीसारखी सरळ, कपाळभर कुंकू.

"घोडी आवडली म्हणतात."

आप्पांनी वही काढली. कलम चार, दात. घोड्याच्या पुढच्या दातांमागे रिकामी हिरडी असते, लगामाची कडी तिथेच बसते. बोट नेमकं त्या फटीत घालून तोंड उघडायचं. पुस्तकात सोपं होतं. आप्पांनी बोट घातलं ते दोन इंच अलीकडे. पुढचा आवाज आप्पांचा होता. घोडीने कोंबडीसुद्धा हलू दिली नाही.

"दात कळलं का?" हौसाबाईने शांतपणे विचारलं. "सात वर्साची हाय. म्या पुसलं असतं तर त्वांडानं सांगितलं असतं."

मग तिने आप्पांची परीक्षा सुरू केली. मुलीच्या बापाने स्थळाची चौकशी करावी तशी. घरात माणसं किती? कडबा घरचा का इकतचा? रात्री घोडी खिंकाळली तर उठणार कोण? यावर आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. हौसाबाईने ते टिपलं. किंमत ठरवायला थोरला लेक पुढे आला. सौदा अस्सल रीतीने, रुमालाखाली बोटं दाबूनच व्हायला हवा, असा आप्पांचा हट्ट. त्यांनी खिशातला नॅपकिन त्याच्या हातावर पसरला आणि खालून बोटं दाबायला सुरुवात केली. तो बिचारा लाजून लाल. "सायेब, हात काय दाबताय? त्वांडानं बोला की." तोंडाने पस्तीस हजार ठरले, विसार म्हणून पाच जागेवर दिले.

"वंशावळ?" आप्पांनी शेवटचं कलम विचारलं.

हौसाबाई जागच्या जागी बसली. "हिची आय मोत्याची काळी. त्या काळीची आय माझ्या लग्नात बानं आंदण दिल्याली, भोराकडं घाटात तिला वाघरानं धरली, पर पाठीवरची लेक खाली पडू दिली न्हाई तिनं. तिची आय माझ्या आयच्या लग्नातली..." अशी ती पाच पिढ्या मागे गेली. प्रत्येक घोडीला एक लग्न, एक घाट आणि एक बाळंतपण. आप्पा लिहीत होते. त्यांच्या स्वतःच्या कुळात आजोबांच्या पलीकडे नाव सापडत नव्हतं आणि या घोडीच्या पाच आज्या वहीत आल्या होत्या. घोडीबद्दलचा त्यांचा आदर त्या क्षणी दुप्पट झाला. मला वाटतं, थोडा मत्सरही.

"आन् ध्यानात ठेवा," उठताना हौसाबाई म्हणाली, "येता-जाता म्या बघून जाणार हाय."

घोडीचं नाव बुगडी. लहानपणी कुत्र्याने कानाचा टवका काढला होता म्हणून. आप्पांनी ते बदलून यमुना ठेवलं. यमुना या नावाला तिने कधी कान दिला नाही. टवका गेलेला तर नाहीच. शेतावरच्या पत्र्याच्या शेडला 'पागा' अशी पाटी लागली. खोगीर आलं, रिकिबी आल्या, खरारा आला. तंग आवळायचा पट्टा शेवटच्या भोकावर घेतला तरी सैल पडत होता, कारण खोगीर मारवाडी मापाचं होतं. पंचांग बघून आप्पा स्वारीला सिद्ध झाले. डोक्यावर पगडी, पायाखाली प्लॅस्टिकचं स्टूल. एवढ्यात तालुक्याचे पशुवैद्य लस टोचायला आले. त्यांनी घोडीकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं आणि विचारलं, "वजन किती?"

"अंदाजे दोनशे किलो."

"घोडीचं नाही, तुमचं."

आप्पा पंच्याऐंशी किलो भरतात. डॉक्टरांनी स्वारीला मनाई केली. आधी पंचवीस किलो उतरवा, मग घोड्यावर चढा. तेव्हापासून आप्पा लगाम हातात धरून तिच्या पुढे चालतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, स्वार मागे राहिला आणि मोतद्दार आला. बोअरचं पाणी ती पहिले दोन दिवस तोंडाला लावीना. मोगलांच्या घोड्यांना म्हणे पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे. हिला आप्पा दिसत असावेत, कारण ते बादलीवर वाकून उभे असत.

खरी ओळख पटली ती वहिनींची. घोडीला एकदा बघून यावं म्हणून त्या रविवारी शेतावर आल्या. जेवणं झाली. ओट्यामागे बसून भांडी घासायला घेतली, परातीवर पातेलं आपटलं आणि पागेतून खिंकाळी आली. घोडी दावं ओढत आली, वहिनींच्या शेजारी पाठ करून उभी राहिली आणि थांबली. भांडी लादायची वेळ झाली होती. तिच्या हिशेबी वाडा हलणार होता. वहिनींनी मजेत धुतलेली परात तिच्या पाठीवर ठेवली. घोडीने समाधानाने श्वास सोडला. महिनाभर खरारा करून आप्पांना जे मिळालं नव्हतं ते एका परातीला मिळालं. "बुगडे," वहिनी म्हणाल्या आणि दोन्ही कान फिरले. फुटकासुद्धा.

आणि आषाढात मोडीचा उलगडा झाला. सातव्या ओळीत आप्पांना खापरपणजाच्या नावापुढे 'पागा' हा शब्द सापडला होता आणि त्यापुढे 'चांदी, बारा मण दहा शेर'. आप्पांचा आनंद मी काय वर्णावा! पागेतला माणूस, आणि त्याच्या नावे बारा मण चांदी! शिलेदारच काय, सरदारच म्हणायचा. आता ती चांदी गेली कुठे, एवढाच प्रश्न. या आनंदात त्यांनी कागद वर्गाच्या शिक्षकांना दाखवला. मोडीची गंमत अशी, की शिरोरेघ आधी आडवी ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं टांगत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही. शिक्षकांनी कागद उजेडात धरला. म्हणाले, "हा काना नाही. ही कागदाची घडी आहे."

काना गेला. चांदीची चंदी झाली. चंदी म्हणजे घोड्याला रोज मोजून द्यायचा हरभऱ्याचा दाणा.

पुढचं मग फडाफडा वाचता आलं. खापरपणजा घोड्यावर बसत नव्हता. तो पागेतला कारकून होता. घोड्यांच्या चंदीचा हिशेब त्याच्याकडे. आणि हिशेबात बारा मण दहा शेर हरभरे कमी भरले, ते कुठे गेले याचा खुलासा नाही, सबब बाकी त्याच्या नावे मांडली. कागद तिथे संपतो. म्हणजे आप्पांच्या कुळाचा मराठी घोडदळाशी संबंध होता, पण तो घोड्यांच्या तोंडातून दाणा काढण्याचा.

दोन दिवस आप्पा लिफ्टऐवजी जिन्याने जात-येत होते.

तिसऱ्या दिवशी शेतावर गेलो तर आप्पा पागेत, हातात पितळी शेर. कुठूनतरी जुनं माप मिळवलेलं. तोबऱ्यात भिजवलेले हरभरे ओतत होते आणि वहीत लिहीत होते. "चाळीस शेरांचा मण," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे एकूण चारशे नव्वद शेर. ही त्यांचीच वारस आहे. पाच आज्यांची नोंद माझ्याकडे आहे. आमचं देणं हिलाच द्यायचं."

मी म्हटलं, "आप्पा, ती घोडी त्या पागेतलीच कशावरून?"

"तो खापरपणजा माझाच कशावरून?" ते म्हणाले. "आपण मानतोच ना?"

यावर मला काही सुचलं नाही, आणि आप्पांशी झालेल्या चर्चेत हे पहिल्यांदाच घडत होतं. देणेकऱ्याच्या उत्साहाने त्यांनी पहिल्या आठवड्यात चौदा शेर फेडले. आठव्या दिवशी बुगडी पोटशुळाने आडवी. पशुवैद्य रात्री धावत आले. ही जात माळावरच्या काडीवर जगणारी. दाणा जास्त झाला तर पोट धरतं, खूर तापतात, जनावर कायमचं लंगडं होतं. त्या रात्री घोडी खिंकाळली तेव्हा उठलं कोण, हा हौसाबाईचा प्रश्न निकाली निघाला. आप्पा पहाटेपर्यंत तिला हळूहळू चालवत होते, ती बरोबर चालत होती आणि दोघांच्याही पोटात कालवाकालव होती. पगडी नव्हती, वही नव्हती. मी कंदील घेऊन होतो, मला हे सांगायला हरकत नाही, की त्या फेऱ्यांमध्ये त्यांनी इतिहासाचं एक अक्षर काढलं नाही. नुसतं "बुगडे, बुगडे" चाललं होतं.

डॉक्टरांनी दिवसाला पाव शेराची मर्यादा घालून दिली. आप्पांनी सकाळी हिशेब मांडला. चौदा वजा जाता चारशे शहात्तर शेर. दिवसाला पाव शेर, म्हणजे एक हजार नऊशे चार दिवस. सव्वापाच वर्षं. आप्पा सदुसष्ट वर्षांचे आहेत. आणि ही नुसती मुद्दल. व्याजाचा दर कागदात दिलेला नाही, त्यामुळे व्याजाची चिंता वेगळीच.

दिवाळीनंतर वाडा पुन्हा बांधावर आला. हौसाबाई कबूल केल्याप्रमाणे बघायला आली. बुगडीच्या पोटावरून हात फिरवून तिने आप्पांना विचारलं, "गाभन हाय का?"

"नाही."

"मंग ह्ये काय साटवलंय?"

आप्पांनी तिला सगळं सांगितलं. खापरपणजा, चंदी, बारा मण दहा शेर, पाव शेर. हौसाबाईने ते नीट ऐकून घेतलं. हरभऱ्याची उधारी तिला कळत होती. पिढ्या किती झाल्या याचं तिला विशेष वाटलं नाही. "देनं हाय तर फेडाय पायजेल," ती म्हणाली. "पर हिला वज्झं द्या. रिकामं जनावर आन् रिकामा मानूस, दोगं बी बिगडत्यात."

तेव्हापासून दर रविवारी वहिनींची भांडी, ओल्या गवताचा भारा आणि वाटेकऱ्याचं धाकटं पोर बुगडीच्या पाठीवरून शेताला दोन प्रदक्षिणा घालतात. पुढे लगाम धरून आप्पा. सहा किलो वजन उतरलंय.

पण त्या दिवशी हौसाबाई निघताना आप्पांनी तिला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं होतं, ते मला परवा कळलं. तिच्याकडे बुगडीची एक धाकटी बहीण आहे. दोन घोड्या असल्या तर देणं निम्म्या वेळात फिटतं. विसार देऊन झालेला आहे.

वहिनी काही बोलल्या नाहीत. पेटीत मोडीचे दोन रुमाल अजून वाचायचे बाकी आहेत. त्यांनी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या जुडग्यात ओवली.